दातांचा दवाखाना आणि आपल्या हक्काचा विमा



मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका आक्कांचा गाल एकाएकी सुजला. आक्का चार घरची धुणीभांडी करतात. नवरा ठेकेदाराकडे सफाईच्या कामावर आहे. वर्षभरापूर्वी लेकीचा मंगल परिणय ठरला, तेव्हा फोटोत समोरचे दोन दात पडलेले दिसू नयेत म्हणून आक्का आठवडी बाजारात रस्त्याकडेला बसणाऱ्या माणसाकडे गेल्या. त्याने सातशे रुपये घेतले आणि वीस मिनिटांत दोन दात बसवून दिले. कार्य थाटात पार पडले, फोटोही चांगले आले. नंतर मात्र त्या दातांखालून घाण वास येऊ लागला, हिरडीतून रक्त येऊ लागले. आक्कांनी लवंग दाबली, तंबाखू दाबली, मेडिकलवरून गोळ्या आणून खाल्ल्या. शेवटी गाल सुजून तोंड उघडेना, तेव्हा आम्ही त्यांना सरकारी दंत रुग्णालयात नेले. तिथे ते दोन खोटे दात कापून काढावे लागले. ज्या दोन चांगल्या दातांना तार गुंडाळली होती तेही हलत होते, म्हणून तेही काढावे लागले. दोन दात बसवायला गेलेल्या आक्का चार दात गमावून आल्या.

केसपेपर लिहिताना डॉक्टर बाईंनी विचारले, "मावशी, तुमचे मालक कामाला कुठे आहेत? दादा, तुमच्या पगारातून ईएसआयसी कापतात का?" दादांनी खिशातून घडी केलेली पगाराची स्लिप काढली. स्लिपवर ओळ होती: ईएसआय, १०५ रुपये. चार वर्षांपासून दर महिन्याला ते १०५ रुपये कापले जात होते. म्हणजे दादांच्या घामाचे ५,०४० रुपये विम्यात गेले होते. त्या विम्यावर आक्कांना दातांचा उपचार फुकट मिळाला असता. घरात कुणालाच ते माहीत नव्हते.

आम्हाला त्या दिवशी सुजलेल्या गालापेक्षा ती स्लिप जास्त लागली. हक्क होता, पैसे भरलेले होते, फक्त माहिती नव्हती. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर दोन गोष्टी सांगणार आहोत. दाताचा खरा डॉक्टर कसा ओळखावा, आणि आपल्या घरात आधीच असलेला विमा कसा शोधावा आणि वापरावा.

फुटपाथवरचे दात महाग का पडतात

रस्त्यावर दात बसवणारा माणूस पडलेल्या दाताच्या जागी प्लास्टिकचा तयार दात ठेवतो. तो हलू नये म्हणून शेजारच्या चांगल्या दातांना तार बांधतो आणि त्यावर गुलाबी मसाला थापतो. तो मसाला तोंडातच घट्ट होतो. घट्ट होताना गरम होतो आणि हिरडी भाजते. असा दात काढता येत नाही, त्यामुळे खालची जागा कधीच साफ होत नाही. अन्न अडकते, कुजते, हिरडी सडते, आणि आधाराला धरलेले चांगले दात सैल होतात. डॉक्टर जी काढता-घालता येणारी कवळी करून देतात ती रोज रात्री काढून धुता येते. दोन्हींत हा मोठा फरक आहे.

काही लोक "दात पांढरे करून देतो" म्हणून ॲसिड लावतात. दात त्या दिवशी पांढरा दिसतो, कारण त्याचे वरचे कडक आवरण विरघळलेले असते. ते आवरण पुन्हा येत नाही. पुढे आयुष्यभर गार-गरम झोंबते.

काही जण दाताला धूर देऊन किंवा नळी लावून "किडा काढून" दाखवतात. दातात किडा नसतो. आपण ज्याला कीड म्हणतो तो खड्डा असतो. गोड आणि पिठूळ अन्न दातावर चिकटून राहते, तोंडातले जंतू त्यापासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजत जातो. दाखवलेली अळी त्या माणसाच्या हातचलाखीची असते. डोळ्यांनी पाहिले म्हणून लगेच विश्वास ठेवू नये. तपासावे, विचारावे, मगच स्वीकारावे.

आणखी एक भीती घराघरांत आहे: वरची दाढ काढली की नजर कमी होते. हे खरे नाही. दाताच्या नसा वेगळ्या आणि डोळ्याने पाहण्याची नस वेगळी. या भीतीपोटी सडलेली दाढ तोंडात ठेवून लोक पू गिळत राहतात. त्याचप्रमाणे दात साफ करून घेतल्याने दात हलायला लागतात, हाही गैरसमज आहे. दातांवर साचलेला दगडासारखा थर हिरडीला मागे ढकलत असतो. तो काढल्यावर आधीच सैल झालेला दात हलताना जाणवतो एवढेच. थर काढला नाही तर तो दात पडणारच असतो.

खरा डॉक्टर कसा ओळखावा

दातांचा डॉक्टर म्हणजे बीडीएस किंवा त्यापुढची एमडीएस पदवी असलेला. पदवी पुरेशी नाही, राज्याच्या दंत परिषदेकडे नावाची नोंदणीही लागते. आपल्याकडे ती महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे होते आणि वेळोवेळी तिचे नूतनीकरण करावे लागते. नोंदणी नसताना दातांवर उपचार करणे हा कायद्याने गुन्हा आहे.

दवाखान्यात गेल्यावर भिंतीकडे पाहा. नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले असते, त्यावर डॉक्टरचे नाव आणि क्रमांक असतो. दिसले नाही तर विचारा, "डॉक्टर, तुमचा नोंदणी क्रमांक काय?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चिठ्ठीवरही तो क्रमांक छापलेला असला पाहिजे. खऱ्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

कवळ्या तयार करणारा कारागीर म्हणजे डेंटल मेकॅनिक. त्याचे काम प्रयोगशाळेत. तुमच्या तोंडात हात घालून उपचार करण्याचा अधिकार त्याला नाही. डॉक्टरांकडे वीस वर्षे कंपाउंडर होतो म्हणून कुणी दात काढत असेल तर त्यालाही तो अधिकार नाही. त्याचा हात कितीही हलका असो, अडचण आली तर त्याच्याकडे उपाय नसतो.

खुर्चीवर बसण्याआधी काय पाहावे

दाताच्या कामात रक्त येते. एकाच्या तोंडातले हत्यार नीट निर्जंतुक न करता दुसऱ्याच्या तोंडात गेले तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही यांची लागण होऊ शकते. म्हणून या गोष्टी पाहा:

हत्यारे बंद पाकिटातून, तुमच्या समोर फोडून काढली पाहिजेत. ही पाकिटे ऑटोक्लेव्ह नावाच्या यंत्रात ठेवतात. त्यात दाबाखालची वाफ १२१ अंशांना साधारण १५ ते २० मिनिटे हत्यारांवर सोडतात. पाकिटावरची खूण वाफेने रंग बदलते. हत्यार नुसते उकळणे किंवा स्पिरिटमध्ये बुडवणे पुरेसे नाही, चिवट जंतू त्याने मरत नाहीत.

हातमोजे प्रत्येक रुग्णासाठी नवे हवेत. इंजेक्शनची सुई नवी हवी, आणि भूल देण्याचे औषधही दुसऱ्याच्या उरलेल्यातले नको. थुंकी ओढणारी नळी आणि चूळ भरण्याचा पेलाही बदललेला हवा.

यातले काही दिसले नाही तर शांतपणे म्हणा, "डॉक्टर, नवी सुई माझ्यासमोर फोडाल का?" नकार मिळाला तर उठून या. दात दुखला तरी चालेल, कावीळ घेऊन घरी यायचे नाही. विहारात किंवा वस्तीत मोफत शिबिर असले तरी हाच नियम. मोफत आहे म्हणून विचारायचे नाही, असे होत नाही. शिबिरात तपासणी करून घ्यावी. दात काढण्याचे काम हत्यारे निर्जंतुक करण्याची सोय असेल तरच तिथे करावे.

कामाला सुरुवात होण्याआधी तीन प्रश्न विचारा. काय करणार आहात? किती वेळा यावे लागेल? एकूण खर्च किती? रूट कॅनालला बहुधा एकापेक्षा जास्त वेळा जावे लागते आणि नंतर त्या दातावर टोपी बसवावी लागते. फक्त रूट कॅनालचा खर्च ऐकून सुरुवात केली आणि टोपीला पैसे उरले नाहीत, तर तो दात काही महिन्यांत तुटू शकतो. दात काढण्याचा सल्ला मिळाला तर विचारा, "वाचवता येईल का?" खासगीत जमत नसेल तर तोच दात सरकारी दंत महाविद्यालयात वाचवता येईल का, हेही विचारा. दुखणे थांबले म्हणून अर्ध्यात सोडू नका. अर्धवट रूट कॅनाल म्हणजे आत जंतूंना बंद करून ठेवलेली खोली.

डॉक्टरला लपवू नये असे काही

मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा आजार किंवा झडपेचे ऑपरेशन, दमा, फिट, काविळीचा इतिहास असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठतात तेही सांगा. गरोदर बहिणींनी महिना सांगावा. गरोदरपणात दाताचे उपचार होतात, मधले तीन महिने त्यासाठी जास्त सोयीचे असतात. भीतीने नऊ महिने पू अंगावर काढणे बाळालाही चांगले नाही.

विदर्भातल्या आपल्या घरांसाठी एक खास गोष्ट. आपल्या समाजात सिकलसेल आढळतो. घरात कुणी सिकलसेलचा रुग्ण असेल तर दंतवैद्याला ते सांगितलेच पाहिजे आणि कार्ड दाखवले पाहिजे. दाताचा साधा वाटणारा जंतुसंसर्गही अशा रुग्णाला तीव्र वेदनांच्या झटक्यात ढकलू शकतो. अशांनी दाताचे दुखणे अजिबात अंगावर काढू नये, भरपूर पाणी प्यावे, आणि मोठे काम मोठ्या रुग्णालयातच करून घ्यावे.

कमी खर्चात चांगला उपचार कुठे

मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपुरात मेडिकलच्या आवारात आणि छत्रपती संभाजीनगरला घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे शुल्क खासगीपेक्षा खूप कमी असते. "विद्यार्थी शिकतात, आपल्यावर प्रयोग करतात" असे लोक म्हणतात. विद्यार्थी काम करतात हे खरे, पण शिक्षक डॉक्टर प्रत्येक टप्पा तपासतात, म्हणूनच तिथे वेळ जास्त लागतो. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, आधार कार्ड आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. पिवळे कार्ड असेल तर सवलत विचारा. अनेक जिल्ह्यांत खासगी दंत महाविद्यालये आहेत. त्यांच्या ओपीडीतही बाहेरच्यापेक्षा कमी दरात काम होते.

जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. अनेक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही दंतवैद्य असतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार नि:शुल्क आहेत. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालये आणि महापालिकेची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडे शुल्क लागते. तुमच्या जिल्हा रुग्णालयात कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत डॉक्टरांचे पथक येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते, दातांचीही. पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात विसरू देऊ नका. त्या चिठ्ठीवर पुढचा उपचार मोफत होतो. इथे आयांनी एक लक्षात ठेवावे. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे जी दाढ येते ती पक्की दाढ असते. ती दुधाची समजून किडू दिली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

विमा पहिला: ईएसआयसी

आता स्लिपकडे वळू. ज्या आस्थापनांना ईएसआय लागू आहे तिथे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या विम्यात येतो. अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १४,००० रुपये पगार असेल तर कामगाराचे १०५ आणि मालकाचे ४५५, असे महिन्याला ५६० रुपये तुमच्या नावाने जमा होतात.

ठेकेदाराकडे काम करणारा कामगारही यात येतो. हाउसकीपिंग, सिक्युरिटी, लोडिंग, सफाई, कँटीन या कामांत आपली मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. ठेकेदाराने हप्ता भरला नाही तर तो भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. "तू कंत्राटी, तुला काही नाही" हे मुकादमाचे बोलणे ऐकून गप्प बसू नका.

हा विमा फक्त कामगाराचा नाही. पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि आई-वडील यांनाही वैद्यकीय उपचार मिळतात. पण त्यांची नावे नोंदलेली पाहिजेत. आक्कांच्या घरात अडचण हीच होती. दादांचा विमा क्रमांक होता, पण आक्कांचे नाव त्यावर चढवलेलेच नव्हते.

म्हणून क्रमाने असे करा. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात आहे का पाहा. स्लिप मिळत नसेल तर मागा. सुपरवायझरकडून दहा अंकी विमा क्रमांक घ्या आणि ई-पहचान कार्डाची छापील प्रत काढा. कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावे आहेत का तपासा, नसतील तर आधार कार्डांसह नावे चढवायला सांगा. कार्डावर तुमचा ईएसआय दवाखाना कोणता ते असते. घर बदलले असेल तर जवळचा दवाखाना बदलून घ्या. उमंग ॲपवरही हप्ते जमा होतात का ते दिसते. वस्तीतल्या शिकलेल्या मुलाकडून हे दहा मिनिटांत पाहून घेता येते. काही अडले तर १८००-११-२५२६ हा ईएसआयसीचा नि:शुल्क क्रमांक आहे.

दात दुखला की आधी तुमच्या ईएसआय दवाखान्यात जा. तिथे दंतवैद्य नसेल तर ईएसआय रुग्णालयाच्या दंत विभागाची चिठ्ठी मिळते. दात काढणे, फिलिंग, साफसफाई अशी कामे तिथे होतात. कवळी हवी असेल तर ती कोणत्या नियमाने मिळेल हे आधी विचारा, म्हणजे हेलपाटा होणार नाही. चिठ्ठी न घेता स्वतःच खासगीत गेलात तर तो खर्च परत मिळेल असे धरून चालू नका.

ईएसआयच्या दवाखान्यात रांग असते, कधी डॉक्टर रजेवर असतो, हे आम्हालाही माहीत आहे. पण रांग लांब आहे म्हणून आपण जायचेच सोडले तर आपल्या पैशावरची सोय आपल्याच हातून निसटते. रांगेत उभे राहा आणि सोय नसेल तर लेखी तक्रार करा.

विमा दुसरा: जन आरोग्य योजना

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना आपल्या राज्यात एकत्र राबवल्या जातात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कित्येकांना वाटते की यात दातांचे सगळे होईल. तसे नाही. ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. फिलिंग, साधी दाढ काढणे, रूट कॅनाल, कवळी यांसाठी ती चालत नाही. पण अपघातात जबडा मोडला, तोंडाचा कर्करोग निघाला, तर ऑपरेशनचा मोठा खर्च याच योजनेतून होऊ शकतो. त्या वेळी कर्ज काढू नका, दागिने मोडू नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा. चौकशीसाठी १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० या क्रमांकांवर फोन करा. या योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत.

विमा तिसरा: कंपनीचा किंवा विकत घेतलेला

आपली काही मुले बँकेत, आयटीत, खासगी कंपन्यांत लागली आहेत. त्यांच्या कंपनीचा गट विमा असतो आणि त्यात आई-वडिलांचे नाव घालता येते का हे त्यांनी विचारावे. बहुतेक आरोग्य पॉलिसींत दातांचा खर्च वगळलेला असतो. अपघातात दात किंवा जबडा तुटून रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच तो मिळतो. काही पॉलिसींत मात्र ओपीडीचा वेगळा भाग असतो आणि त्यात दातांचे उपचार बसतात.

पॉलिसी हातात घेतली की पाच ओळी शोधा. दातांचा उपचार वगळला आहे का? ओपीडीचा भाग आहे का? किती महिने थांबल्यावर तो सुरू होतो? वर्षाला दातांसाठी जास्तीत जास्त किती मिळतात? कोणत्या दवाखान्यांत पैसे न भरता काम होते? मग साधे गणित करा. समजा, दातांच्या भागासाठी वर्षाला १,५०० रुपये जास्त भरायचे आणि त्यातून जास्तीत जास्त २,००० रुपयेच मिळणार. एवढ्यासाठी तो भाग घेण्यात अर्थ आहे का? तेच १,५०० रुपये बचत गटात बाजूला ठेवून सरकारी दंत महाविद्यालयात गेलेले बरे. आणि मर्यादा बरीच मोठी असेल, घरात चार माणसांचे काम निघणार असेल, तर घ्यावा.

दवाखान्याचे "सवलत कार्ड" विकणारे दारात येतात. ते कार्ड म्हणजे विमा नव्हे. ते फक्त त्या दवाखान्यात बिल कमी करण्याचे आश्वासन असते. विम्याची पॉलिसी असेल तर तिच्यावर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक असतो.

पैसे परत मागायचे असतील तर डॉक्टरची चिठ्ठी, छापील बिल, पैसे भरल्याची पावती आणि उपचाराआधीचा व नंतरचा एक्स-रे जपून ठेवा. सगळ्याच्या झेरॉक्स काढा. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. तिथे न्याय मिळाला नाही तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. विमा नियामकाचा तक्रार क्रमांक १५५२५५ आहे.

कधी थांबू नये

गाल किंवा हनुवटीखालची सूज गळ्याकडे पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडेनासे झाले असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. दाताचा पू गळ्यात उतरून जीव जाऊ शकतो. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा, १०८ ला फोन करा.

खेळताना पोराचा पक्का दात मुळासकट पडला तर तो वरच्या पांढऱ्या बाजूने उचला, मूळ घासू नका. पाण्याने हलकेच धुऊन जागेवर बसवा, नाही जमले तर दुधात ठेवा आणि अर्ध्या-एक तासात दंतवैद्य गाठा. तो दात पुन्हा धरू शकतो.

तोंडातला फोड किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तिखट सोसेनासे झाले, तोंड कमी उघडू लागले, तर तपासणी करून घ्याच. मिश्री, खर्रा, मावा, गुटखा यांचे हे परिणाम असू शकतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो हे आपण सगळे जाणतो. दुखऱ्या दाताखाली तंबाखू दाबण्यापासून कित्येक बहिणींची मिश्री सुरू झाली आहे. सोडायची असेल तर १८००-११२-३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

फसवणूक झाली तर

बिल आणि चिठ्ठी जपून ठेवली असेल तर दाद मागता येते. नोंदणी असलेल्या डॉक्टरच्या हलगर्जीपणाबद्दल राज्य दंत परिषदेकडे लेखी तक्रार करा. नोंदणी नसलेल्याबद्दल पोलीस ठाण्यात आणि महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करा. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

पुढच्या रविवारी

आमची एक विनंती आहे. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर प्रत्येक घराने तीन कागद आणावेत: कमावत्या माणसाची पगाराची स्लिप, रेशनकार्ड, आणि पॉलिसी असेल तर पॉलिसी. कॉलेजला जाणाऱ्या मुला-मुलींनी टेबल मांडून बसावे आणि ते कागद वाचून द्यावेत. ज्यांची कपात होते पण कुटुंबाची नावे चढलेली नाहीत, त्यांची यादी महिला मंडळाने करावी आणि महिन्याभरात ती नावे चढवून घ्यावीत. आमच्या वस्तीत आम्ही हे केले तेव्हा पहिल्याच रविवारी अकरा घरे अशी निघाली, ज्यांचा हप्ता चालू होता आणि दवाखाना कुठे आहे हे ठाऊक नव्हते.

आक्कांचे नाव आता दादांच्या कार्डावर चढले आहे. हिरडी भरून आली आहे. दंत महाविद्यालयात त्यांच्या कवळीचे माप घेतले आहे. परवा त्या म्हणाल्या, "या वेळी रात्री काढून धुवायचे दात बसवणार बाई." त्यांचे चार दात परत येणार नाहीत. आपल्या घरातले जे शाबूत आहेत ते तरी माहिती नव्हती म्हणून जाऊ नयेत, एवढे आपल्या हातात आहे.

सर्वांचे मंगल होवो.